दुसरा मोजा सैल का झाला

आजारपणावर लिहिणाऱ्या माणसांना एक वाईट खोड असते. पहिल्याच पानावर ती शहाणी होऊन बसतात. माझं तसं काही झालेलं नाही. माझी गाठ काढली, नळीतून औषध घातलं, केस गेले, नखं काळी पडली, आणि स्वभाव होता तसाच राहिला. तो काढायचं ऑपरेशन जळगावात होत नाही, असं माझी सून म्हणते.

तरी लिहायला बसले, कारण या आजारात मी एक खोटं बोलले. छोटंसंच. दर सोमवारी एकदा, ओळीने पाच सोमवार. त्यापायी माझ्या हातापायांचं काय झालं ते सांगायचं आहे. आत्ता तुमच्यापैकी कुणी औषधाच्या त्या खुर्चीत बसून सिस्टरला तसंच गोड उत्तर देत असेल, तर त्याने हे वाचावं. बाकीच्यांनीही वाचावं, पण वाचून झाल्यावर मला ‘सकारात्मक राहा’ असं सांगायला धुळ्याला येऊ नये. आधीच खूप येऊन गेलेत.

गाठ

मुलींच्या शाळेत मी चौतीस वर्षं शिवणकाम शिकवलं. कापडाच्या दुमडीत अडकलेली दोऱ्याची गुठळी डोळे मिटून बोटाने ओळखणारी बाई, अशी माझी ख्याती होती. ती मीच पसरवली होती. तर या बाईला अंघोळ करताना छातीत हरभऱ्याएवढी गाठ लागली आणि बाईंनी निदान केलं, चरबी असेल. दोन महिन्यांनी ती गाठ बोराएवढी झाली. बाई म्हणाल्या, लग्नसराई उरकू दे.

रिपोर्ट आला त्या दिवशी मुलगा मिलिंद आणि सून वैशाली दोघं बरोबर होते. डॉक्टरांनी पाकीट उघडलं, कागद वाचला आणि ते मिलिंदकडे बघून बोलायला लागले.

“अहो डॉक्टर,” मी म्हटलं, “गाठ माझी आहे. त्याची नाही.”

मग ते माझ्याकडे वळले. त्यांनी तो शब्द उच्चारला. मला फक्त त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट दिसत होता, काचेचा, आत निळं फूल. पुढची पाच मिनिटं ते काय बोलले ते मला आजही माहीत नाही. तुम्हालाही आठवणार नाही, म्हणून बरोबर कुणाला तरी न्या आणि त्याच्या हातात वही द्या. आमच्यात वही वैशालीकडे होती. मिलिंदकडे रुमाल होता.

बाहेर आल्यावर मिलिंद म्हणाला, “आई, तुला काही खायचंय का?”

“फाशी सकाळी आहे की संध्याकाळी?” मी विचारलं.

तो गाडीला टेकून रडायला लागला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, भर रस्त्यात. वैशालीने तीन उसाचे रस आणले, एक त्याच्या हातात दिला, एक माझ्या, आणि वहीत काहीतरी लिहीत उभी राहिली. मला तिचा संताप आला. इथे माझं मरण चाललंय आणि ही हिशेबनिसासारखी लिहितेय.

घरी आल्यावर मी रडले नाही. फ्रीजवरचं तिचं क्रोशाचं कव्हर ओढून काढलं आणि धुवायच्या बादलीत टाकलं. ते स्वच्छच होतं.

एका सुईची बाई

आता हे क्रोशाचं सांगणं भाग आहे.

लग्नानंतर यांची नोकरी नरडाण्याला लागली तेव्हा शेजारी हिमाचलातलं एक कुटुंब राहायचं. त्या बाईने मला मोजे विणायला शिकवलं. मोज्याला पाच सुया लागतात, दोन्ही टोकांना अणकुचीदार. चार सुयांवर टाके गोल बसवायचे आणि पाचवीने विणत पुढे जायचं. मला ते जमलं, आणि तिथून माझं डोकं फिरलं. तेव्हाच्या मला बघायला हवं होतं तुम्ही. मे महिना, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि ही सडपातळ शहाणी ओट्यावर बसून लोकरी मोजे विणतेय, नाकावरून घाम मोज्यात गळतोय. ज्याच्या घरी बारसं, मुंज, वास्तुशांत असेल त्याला मोजे. खानदेशात! लोक “वा वा” म्हणून ते कपाटात ठेवत. मला वाटायचं, जपून ठेवलेत.

क्रोशा करणाऱ्या बायकांना मी बायकांत धरत नसे. एक हुक, त्यात एकच फास, ओढला की झाला टाका. यात कसली विद्या? शाळेत एका मुलीने क्रोशाचा रुमाल करून आणला तेव्हा मी वर्गासमोर तो उजेडात धरून म्हटलं होतं, “छान. तापीत मासे धरायला ने.” वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही. मी हे विसरून गेले होते. खुर्चीत बसून नळीतला थेंब मोजताना असलं सगळं आठवतं, कुणी न बोलावता.

आणि मग वैशालीचं रुखवत. ती अमळनेरची. मांडवात टेबलांवर तिने स्वतः केलेलं सगळं मांडलेलं, तोरण, रुमाल, ताटावरचं झाकण, सगळं क्रोशाचं, पांढऱ्या दोऱ्याचं. पाहुण्या बायका वाकून वाकून बघत होत्या. मी मुलाची आई. मी ताटावरचं झाकण उचललं, उलटं केलं, मागची बाजू तपासली आणि मोठ्याने म्हटलं, “गाठी व्यवस्थित मारल्यात. पण यात विणकाम कुठेय? एका सुईने काय, कुणीही करील.”

तिच्या आईचा चेहरा पडला. वैशाली म्हणाली, “बरोबर आहे, आई.”

त्यानंतर एकोणीस वर्षांत ती माझ्यासमोर एकदाही क्रोशाची सुई घेऊन बसली नाही. मला वाटलं, सुनेने ऐकलं. काय बावळट होते मी! तिने ऐकलं नव्हतं, खोलीचं दार लावून घेतलं होतं. त्या दाराआडून वर्षाला एक या बेताने कव्हरं बाहेर येत गेली, मिक्सरवर, टीव्हीवर, शेवटी फ्रीजवर.

सोमवारची खुर्ची

ऑपरेशनबद्दल मी लिहिणार नाही. झोपवलं, उठवलं, मध्ये काहीतरी नेलं. खरा आजार पुढे होता. बारा सोमवार, जळगावला, दर सोमवारी एक बाटली.

पहाटे धुळ्याहून निघायचं. गाडी वैशाली चालवायची, कारण मिलिंद पहिल्या सोमवारी आला होता आणि माझ्या हातात सुई जाताना तोच खाली बसला. सिस्टर मला सोडून त्याला पाणी पाजत होत्या. त्यानंतर आम्ही त्याला घरीच ठेवला. पारोळ्याला चहा, एरंडोलला माझी उलटीची पिशवी, आठच्या आत जळगाव. मग वजन, रक्त, वाट बघणं, खुर्ची.

बाहेर ऊन असं की कावळेही चोच उघडी टाकून बसलेले, आणि त्या खोलीत एसी असा की जणू औषधाऐवजी आम्हालाच टिकवून ठेवायचंय. माझे पाय बर्फ. चादर होती, पण ती गुडघ्यापर्यंतच पुरायची. म्हणून दुसऱ्या सोमवारी मी पाच सुया आणि करड्या रंगाची लोकर घेऊन गेले. जन्मात पहिल्यांदा मोज्याचा खरा उपयोग असलेला माणूस सापडला होता, आणि ती मीच होते.

शेजारच्या खुर्चीत सोनगीरच्या एक अक्का असायच्या. शेतीवाडीतली बाई, माझ्याच वयाची, डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं. विणायला घेतलं त्या पहिल्या दिवशी बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, “हाई काय करी राहिनी व माय? इतला तपनमा लोकरना मोजा?”

“पाय गारठतात,” मी म्हटलं.

“मंग गोधडी लई ये. इतलं बारीक काम कसाले?”

मला ती बाई आवडली नाही. दोन सोमवारनंतर इतकी आवडली की खुर्ची दुसरीकडे दिली तर मी भांडायची.

सिस्टर दर वेळी तेच प्रश्न विचारायच्या. उलटी? ताप? जुलाब? तोंड आलंय? हातापायांना मुंग्या? आणि मी शाळेतली हजेरी दिल्यासारखं म्हणायची, नाही, नाही, थोडं, नाही, नाही. चौथ्या सोमवारी पहिला मोजा पूर्ण झाला. कसा झाला होता म्हणून सांगू! प्रत्येक टाका दुसऱ्याचा जुळा भाऊ. टोक मी माझ्या रीतीने बंद केलं, जाड सुईने टाक्याला टाका असा सांधून की जोड शोधून सापडू नये. सिस्टरांनी तो हातावर चढवून सगळ्या खोलीला दाखवला. मी मान खाली घालून लाजले. लाजणं अर्थातच खोटं होतं.

पण मी सांगतेय ते खोटं हे नव्हे.

पाचव्या सोमवारी सकाळी ब्लाउजची बटणं लागेनात. बोटांच्या टोकांना कुणीतरी कापूस गुंडाळल्यासारखं वाटत होतं, आणि कापसाच्या आत मुंग्या. पायांनाही तसंच. सिस्टरला सांगायचं मी ठरवलंही होतं. पण माझ्या आधी सोनगीरच्या अक्कांची पाळी आली. त्या सरळ म्हणाल्या, “मना हातले मुंग्या येतस.” सिस्टर डॉक्टरांना विचारून आल्या आणि त्यांना म्हणाल्या, “आज औषध नाही द्यायचं, आजी. पुढच्या सोमवारी बघू.”

अक्का पिशवी उचलून घरी गेल्या. त्यांची रिकामी खुर्ची माझ्या शेजारी. माझ्या मनाने हिशेब केला की जो खरं बोलतो त्याचं औषध थांबतं, औषध थांबलं की गाठ परत येते, गाठ परत आली की खेळ संपला.

“आजी, मुंग्या?” सिस्टरांनी विचारलं.

“छे,” मी म्हटलं.

तवा

त्यानंतरचे चार सोमवारही मी ‘छे’ म्हणाले. आता विचार केला की त्या बाईच्या, म्हणजे माझ्या, कानाखाली वाजवावीशी वाटते. तिला भीती वाटत होती हे खरं, पण निम्मी तिची घमेंड होती. बारापैकी बारा हवे होते तिला. जन्मभर मुलींच्या वहीत ‘अपूर्ण’ असा शेरा लिहिला, आता स्वतःच्या कागदावर तो नको होता.

एकदा भाकरी टाकताना माझा तळहात तव्याच्या कडेला टेकला. मला कळलं ते वासाने. बघते तर चामडी पांढरी. मी नळाखाली हात धरला आणि घरात सांगितलं, वाफ लागली. चप्पल पायातून निघून मागे राहायची आणि मी पुढे दोन पावलं अनवाणी चालून जायची. मग म्हणायची, चप्पल सैल झालीये.

दुसरा मोजाही चालूच होता. सुई बोटांत आहे की नाही हे बघून खात्री करावी लागत होती. टाका हाताला लागत नसला की माणूस धागा ओढत नाही, आणि ओढला नाही की टाका सैल राहतो. मध्येच एक टाका निसटायचा आणि शिडीसारखा तीन रांगा खाली उतरायचा. मी तो डोळ्यांनी शोधायची, वर चढवायची आणि पुढे जायची. शाळेत मुलीने असं केलं असतं तर मी सगळा मोजा उसवायला लावला असता. स्वतःचा मी उसवला नाही. बघितलाच नाही म्हणा ना.

“दुसरा जरा मोकळा दिसतोय,” वैशाली एकदा म्हणाली.

“मुद्दाम,” मी म्हटलं. “तो पाय सुजतो.”

“कुठला पाय?”

“ज्यात हा मोजा जाईल तो.”

मोजा उचलून तिने आतली बाजू बाहेर काढली आणि खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघत राहिली. मला तेव्हाही वाटलं, बघू दे बिचारीला, खरं विणकाम कसं असतं ते.

डोळे मिटा

नवव्या सोमवारी सिस्टरांना मी ‘छे’ म्हणून झाल्यावर वैशाली म्हणाली, “औषध लावायच्या आधी आम्हाला मॅडमना भेटायचंय.”

जळगावच्या आमच्या डॉक्टर तरुण होत्या, माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलीएवढ्या. वैशालीने पर्समधून दोन मोजे काढले, एक पूर्ण, दुसरा सुयांसकट, आणि त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मला वाटलं, मोजे भेट देतेय. अपूर्ण मोजा भेट! म्हटलं, आता हिची अक्कल निघणार.

“मॅडम, हा आईंनी पहिल्या चार आठवड्यांत विणला,” वैशाली म्हणाली. “आतून बघा. सगळ्या रांगा सारख्या. हा दुसरा. इथपर्यंत तसाच आहे. इथे टाच सुरू होते, म्हणजे पाचवा सोमवार. तिथून बघा.”

डॉक्टरांनी चष्मा वर केला.

“इथे टाके सुटलेत. इथे धागा ओढलेलाच नाही. ह्या बाईने आयुष्यात एक टाका सैल सोडलेला नाही, मॅडम. दुसऱ्याचाही सोडत नाही.” तिने दुसऱ्या मोज्याच्या टाचेवर बोट ठेवलं. “ह्यांना बोटांना काही लागत नाहीये. पाच आठवडे. हाताला भाजलेलंही आहे, ते वाफेचं नाही.”

“काहीही!” मी म्हटलं. “सुनेला विणकामातलं काय कळतं? ती क्रोशा करते.”

डॉक्टर उठून माझ्यासमोर बसल्या. “आजी, हात पुढे करा. डोळे मिटा. मी ज्या बोटाला हात लावीन त्याचं नाव सांगायचं.”

मी डोळे मिटले. जरा वेळ गेला. मी अंदाजाने म्हटलं, “मधलं.”

“आणि आता?”

“अंगठा.”

“आणि?”

“करंगळी. तीही डाव्या हाताची,” मी ठसक्यात सांगितलं.

“आजी,” डॉक्टर म्हणाल्या, “मी अजून हात लावलेलाच नाही.”

मी डोळे उघडले नाहीत. काही वेळा मिटलेलेच बरे असतात.

त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी सांगितलं की मुंग्या म्हटल्याबरोबर कुणाचंही औषध कायमचं बंद होत नाही. थांबतात, मात्रा कमी करतात, परत चालू करतात. पण न सांगता महिनाभर काढला तर बोटांतली जाण परत येईलच असं कुणी सांगू शकत नाही. “येऊ शकते,” त्या म्हणाल्या, “नाहीही येऊ शकत.” त्या दिवशी बाटली लागली नाही. तीन सोमवार सुट्टी.

एरंडोलच्या अलीकडे

गाडीत बसून जळगावची हद्द ओलांडली. मग म्हटलं, “चुगली केलीस.”

“हो, केली.”

“माझं औषध थांबवलंस. उद्या मी मेले तर?”

वैशालीने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. एका बाजूला केळीची बाग, दुसऱ्या बाजूला धाबा. तिने इंजिन बंद केलं. एकोणीस वर्षांत ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती, त्यामुळे तिला ते नीट जमलं नाही, आवाज मध्येच बारीक व्हायचा.

“आई, तुम्ही मेलात तर मला फ्रीजवर पाहिजे ते घालता येईल. स्वयंपाकघरात हुक घेऊन बसता येईल. तरी मी ते मोजे घेऊन गेले. का गेले ते मला विचारू नका, मलाच माहीत नाही!”

इंजिन बंद म्हणजे एसीही बंद. गाडी तापायला लागली. मी उलटीची पिशवी शोधल्यासारखं केलं.

“गाडी चालू कर,” मी शेवटी म्हटलं. “सासूला उन्हात शिजवू नकोस.”

तिने चालू केली. पारोळ्याला चहा घेतला तेव्हा माझा कप तिने दोन्ही हातांत नीट धरायला दिला, बशीशिवाय, आणि मी तो तिच्याकडून घेतला.

उसवा

तीन आठवडे रिकामे. दुसऱ्या मोज्याचं टोक उघडं, सोळा टाके चार सुयांवर. माझ्या रीतीने बंद करायचं तर बारीक काम, आणि माझी बोटं म्हणजे भेंड्या. दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा एक सुई हातातून सुटून फरशीवर पडली आणि चार टाके मोकळे झाले. मी तिथेच बसून रडले. रिपोर्टच्या दिवशी न रडलेली बाई सोळा टाक्यांसाठी रडली.

वैशाली आली. तिने ते चार टाके आपल्या हुकात झेलले, एकेक करून, घाई न करता. मग हुक माझ्यापुढे धरला. त्याला जाड रबरी मूठ होती.

“पाच सुया पेलवत नाहीत तर एक घ्या,” ती म्हणाली. “एका वेळी एकच फास सांभाळायचा असतो. निसटला तर एकच निसटतो.”

“म्हणूनच त्यात विद्या नाही,” मी म्हटलं.

“नसेल. घ्या.”

आणि मग माझं जे हसं झालं ते सांगते, कारण त्याचा अधिकार मी इतरांना देणार नाही. चौतीस वर्षांची शिक्षिका, आणि मला साखळी येईना. साखळी म्हणजे क्रोशातलं अ आ इ. माझी साखळी एकदा गळफासासारखी आवळलेली, एकदा गाईच्या दाव्यासारखी ढिली. मग खांब, अर्धा खांब, आणि एक असतो तो मुका खांब. मी म्हटलं, हा मला आवडला, निदान बोलत तरी नाही.

“हा चुकला, आई,” वैशाली म्हणायची. “उसवा.”

“कुठे चुकलाय? बरा दिसतोय.”

“उसवा.”

“तू माझ्याशी असं बोलतेस?”

“शाळेत तुम्ही कसं बोलायचात?”

नात ओवी दारात उभी राहून हसायची. मी तिला म्हटलं, अभ्यास कर. ती म्हणाली, आजी, तूच करतेयस की!

एका आठवड्यात मला कळलं की हा प्रकार सोपा नाही. विणकामात सुया तुम्हाला धरून ठेवतात, चार भिंतींसारख्या. इथे एकच फास हवेत असतो आणि पुढचं सगळं तुमच्या अदमासावर. सांगायची लाज वाटते, पण ज्या गोष्टीला मी चाळीस वर्षं हसले ती मी कधी हातात धरून बघितलीच नव्हती. शिक्षिका म्हणे.

मोज्याचं टोक मी मुक्या खांबांनी बंद केलं. त्याने जाड कड उभी राहते, बांधासारखी.

“कड बाहेरच्या बाजूला घ्या,” वैशाली म्हणाली. “आत घेतली तर बोटांना लागेल.”

“बाहेर घेतली तर दिसेल,” मी म्हटलं. “आणि माझ्या बोटांना काही लागत नाही.”

असं म्हणून मी मोजा उलटा केला आणि कड आतून घातली.

दहा

सुट्टीनंतर कमी मात्रेची बाटली लागली, एक आणि मग अजून एक. सोनगीरच्या अक्का परत शेजारी होत्या. त्यांचंही थांबून पुन्हा चालू झालं होतं, आणि माझ्याआधी संपणार होतं. मी त्यांना माझा प्रताप सांगितला तेव्हा त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, “डाक्टरले बठ्ठं सांगी देवानं माय. दपाडीसन तुले काय मिळनं?”

लपवून काय मिळालं होतं ते मी हात उलटे-सुलटे करून दाखवलं.

अकराव्या बाटलीच्या सोमवारी सिस्टरांनी यादी वाचली. उलटी, ताप, जुलाब, तोंड. मग त्या थांबल्या. वैशाली खिडकीबाहेर बघत होती, मुद्दाम.

‘छे’ अगदी जिभेवर होतं. फक्त दोन उरली होती. दोनच तर. दात आवळून निघाली असती, कागदावर बारा झाले असते आणि रात्री गाठीची भीती घेऊन झोपावं लागलं नसतं. खरं सांगते, त्या क्षणी मला हातांपेक्षा ती दोन जास्त हवी होती.

“मुंग्या आहेत,” मी म्हटलं. “पुन्हा वाढल्यात. हात मनगटापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत.”

डॉक्टर आल्या, बोटं तपासली, कागद चाळले आणि म्हणाल्या, “आपण दहावर थांबू.”

“दोन राहिली ना पण.”

“आजी, हे मार्क नाहीत.”

मला ते पटलं नाही. अजूनही रोज पटत नाही, काही दिवशी पटतं. तपासणीला जाते तेव्हा आदल्या दिवसापासून त्या दोन बाटल्या डोळ्यांसमोर उभ्या असतात. आतापर्यंतच्या दोन्ही तपासण्या स्वच्छ निघाल्या. पुढचं कुणाला माहीत? तुम्हाला कुणी सांगितलं की ही भीती जाते, तर तो माणूस खोटं बोलतोय किंवा विकायला काहीतरी घेऊन आलाय.

थंडी

धुळ्याची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही, पण डिसेंबरात सकाळी तोंडातून वाफ निघते आणि फरशीवर पाय ठेववत नाही, असं निदान बाकीचे म्हणतात. माझे पाय सहा महिने कापसातच होते. चालताना खाली बघावं लागायचं. हाताची बोटं थोडी सुधारली होती, पायांचं मी नाव टाकलं होतं.

तरी मी मोजे घातले. पाय गार पडले होते का ते मला कळत नव्हतं, पण हात लावून बघितल्यावर हाताला गार लागले. एक सुंदर मोजा, एक गबाळा. स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसले. वैशाली चहा गाळत होती. मिक्सरजवळ तिचा हुक आणि अर्धवट काहीतरी पिवळं पडलेलं होतं. हल्ली ते तिथेच असतं.

मी जरा वेळ पाय इकडे-तिकडे केले. मग म्हटलं, “वैशाली, ही कड भिकार आहे गं. टोचतेय मेली.”

“मी तेव्हाच सांगितलं होतं, बाहेर घ्या म्हणून. कुठे टोचतेय?”

“करंगळीला. आणि तिच्या शेजारच्या...”

मी थांबले. तिचीही गाळणी हातात तशीच राहिली, चहा ओट्यावर ठिबकत होता. मग ती खाली बसली आणि माझा पाय मांडीवर घेऊन मोज्यावरूनच एकेक बोट दाबायला लागली.

“इथे?”

“हो.”

“इथे?”

“नाही.”

“इथे? डोळे मिटा आणि खरं सांगा.”

“अगं मेले, हळू!”

तिने पाय सोडला नाही. तिचं डोकं खाली होतं, म्हणून तोंड दिसत नव्हतं. “काढा तो मोजा,” ती थोड्या वेळाने म्हणाली, “पाच मिनिटांत उसवून कड बाहेर घेऊन देते.”

“हात लावू नकोस,” मी म्हटलं. “टोचू दे.”